उपग्रह चित्रांचे स्थानिक गोदाम : ऑब्जेक्ट स्टोरेजसाठी सुरक्षित कॅशिंग प्रॉक्सी

ऑक्टोबरमध्ये मान्सून महाराष्ट्रातून माघार घेतो आणि चार महिने ढगांआड गेलेली शेते उपग्रहांना पुन्हा दिसू लागतात. त्याच सुमारास नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत फळछाटणीची लगबग असते, रब्बी कांद्याच्या रोपवाटिका टाकल्या जातात आणि आडसाली ऊस जोमाने वाढत असतो. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी याच भूभागावरून जातात. त्यांच्या लाल व निकट-अवरक्त पट्ट्यांतील नोंदींवरून वनस्पती निर्देशांक काढला जातो. एका चित्रबिंदूत जमिनीचा १० मीटर लांबी-रुंदीचा तुकडा सामावतो, त्यामुळे एकरभर शेतातील कमजोर कोपराही ओळखू येतो. चित्रे विनामूल्य आहेत. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा कृषी विज्ञान केंद्रात बसून ती उघडू पाहणाऱ्यास पडद्यावर बराच वेळ फिरते चक्र पाहावे लागते.

उशिराचे कारण साठ्याच्या जागेत आहे. सेंटिनेल-२ च्या चित्रांचा सर्वाधिक वापरला जाणारा एक सार्वजनिक संच अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील क्लाउड केंद्रात ठेवलेला आहे, तर मूळ स्वरूपातील चित्रांचा दुसरा संच जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे आहे. दोन्ही साठे ‘ऑब्जेक्ट स्टोरेज’ या प्रकारचे आहेत. मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनने एस-थ्री या नावाने ही सेवा खुली केली आणि पुढे हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. येथे संगणकावरील घडीबंद फोल्डरांसारखी रचना नसते. प्रत्येक फाइल ही एक वस्तू, तिला एक पूर्ण नाव, आणि अशा असंख्य वस्तू ‘बकेट’ नावाच्या एका कोठारात. नाव सांगून वस्तू मागवायची, आणि ती खाजगी असेल तर मागणीसोबत सही जोडायची, एवढाच व्यवहार. महाराष्ट्रातील कृषी सल्ला सेवाही आता याच पायावर उभ्या राहत आहेत. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्याने उसावर चालवलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगात उपग्रह चित्रे, हवामान केंद्रांच्या नोंदी आणि जमिनीतील संवेदकांची मापे क्लाउडवर एकत्र आणून शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला पोहोचवला जातो.

आता हिशोब पाहू. सेंटिनेल-२ चे चित्र सुमारे ११० किलोमीटर बाजूच्या चौकोनांत वाटलेले असते. १० मीटर विभेदनाच्या एका पट्ट्यात आडवे १०,९८० आणि उभे १०,९८० चित्रबिंदू असतात, म्हणजे एकूण बारा कोटींहून अधिक. प्रत्येक बिंदूस दोन बाइट धरले तर न दाबलेला एक पट्टा सुमारे २४१ मेगाबाइटचा होतो. निर्देशांकासाठी असे दोन पट्टे लागतात. समजा, एका केंद्राकडे १० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाची जोडणी आहे आणि दाबलेल्या स्वरूपात दोन पट्ट्यांचे मिळून ३०० मेगाबाइट उतरवायचे आहेत. एका व्यक्तीस चार मिनिटे लागतील. ढग हटल्याच्या सकाळी केंद्रातील वीस जणांनी तेच चित्र उघडले, तर तीच माहिती वीस वेळा समुद्र ओलांडून येईल आणि तेवढ्यावेळ केंद्रातील इतर कामे खोळंबतील. काही साठ्यांत वाहतुकीचा खर्च मागणी करणाऱ्याच्या खात्यावर पडतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा लँडसॅट संच अशाच अटीवर क्लाउडवर ठेवलेला आहे. तेथे वीस वेळा उतरवणे म्हणजे वीस वेळा आकारणी.

यावर उपाय तालुक्याच्या खत गोदामासारखाच आहे. प्रत्येक शेतकऱ्याने कारखान्यापर्यंत जाण्याऐवजी माल एकदाच जवळ आणून ठेवायचा. केंद्रातील एक संगणक सर्वांच्या मागण्या स्वतःकडे घेतो, वस्तू पहिल्यांदा मागितली गेली की क्लाउडवरून आणतो, वापरकर्त्यास देतो आणि एक प्रत स्वतःच्या डिस्कवर ठेवतो. दुसऱ्या मागणीच्या वेळी ती प्रत स्थानिक जाळ्यावरूनच दिली जाते. या मध्यस्थ संगणकास कॅशिंग प्रॉक्सी म्हणतात. एनजिनएक्स, वार्निश, स्क्विड ही यासाठी वापरली जाणारी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहेत. पुढील विवेचन एनजिनएक्स डोळ्यांसमोर ठेवून केले आहे, कारण लहान केंद्रांत बहुधा तेच आढळते.

सार्वजनिक माल आणि खाजगी माल

एवढेच काम असते तर ते एका दुपारी संपले असते. सार्वजनिक उपग्रह चित्रांपुरते ते खरोखरच सोपे आहे. परंतु कोणत्याही केंद्राचा साठा फार काळ केवळ उपग्रह चित्रांचा राहत नाही. त्यात शेतकऱ्यांनी पाठवलेली किडीची छायाचित्रे, ड्रोनने टिपलेली प्रक्षेत्राची चित्रे, माती परीक्षणाचे अहवाल, निर्यातक्षम द्राक्षांचे उर्वरित अंश तपासणी अहवाल, गट क्रमांक व मोबाइल क्रमांक यांच्या याद्या हळूहळू जमा होतात. गट क्रमांक एकटा असेल तर त्यात गुपित काही नाही, कारण सातबारा कोणासही पाहता येतो. मात्र त्याच गटाशी शेतकऱ्याचे नाव, दूरध्वनी, किडीचा प्रादुर्भाव आणि अपेक्षित उत्पादन जोडले गेले की ती व्यापाऱ्याच्या उपयोगाची माहिती होते. आपल्या बागेतील घड भुरीने ग्रासलेले आहेत हे सौदा ठरण्यापूर्वी खरेदीदारास कळले, तर भाव कोणाच्या बाजूने झुकेल हे द्राक्ष बागायतदारास सांगावे लागत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अशी माहिती सांभाळण्याचे उत्तरदायित्व ती गोळा करणाऱ्यावर टाकले आहे.

म्हणून येथे खरा प्रश्न वेगाचा नाही, परवानगीचा आहे. मूळ साठा प्रत्येक मागणीची सही तपासून मगच वस्तू देतो. कॅशमधून प्रत दिली जाते तेव्हा मूळ साठ्यास कोणी विचारतच नाही. त्यामुळे ‘ही वस्तू या व्यक्तीस द्यावी काय’ हा प्रश्न प्रॉक्सीने स्वतः विचारला नाही, तर तो कोणीही विचारत नाही.

ही चूक नेमकी कशी घडते ते समजून घेण्याजोगे आहे, कारण ती निष्काळजीपणातून नव्हे तर एका वाजवी दुरुस्तीतून शिरते. खाजगी वस्तू पाहू देण्यासाठी अनेक ॲप पूर्वस्वाक्षरीत दुवा वापरतात. दुव्याच्या शेपटीला सही आणि मुदत जोडलेली असते. एस-थ्रीमध्ये ही मुदत जास्तीत जास्त सात दिवसांची ठेवता येते. एनजिनएक्स एखादी प्रत ओळखण्यासाठी जी खूणगाठ वापरते, तीत मूलतः दुव्याची ही शेपटीही धरली जाते. सही प्रत्येक वेळी वेगळी असल्याने खूणगाठही वेगळी होते, आणि तीच वस्तू दहा वेळा मागितली तरी कॅशमध्ये ‘सापडली नाही’ असेच उत्तर मिळते. डिस्क भरते, वेग मात्र वाढत नाही. व्यवस्थापक कारण शोधतो आणि सहीचा भाग खूणगाठीतून काढून टाकतो. ताबडतोब सर्व काही वेगवान होते, सगळे समाधानी होतात. आता त्या वस्तूचे नाव ठाऊक असलेला कोणीही, खोटी सही जोडून किंवा सहीवाचूनही, एकदा साठवली गेलेली प्रत सहज मिळवू शकतो. परीक्षणात हे दिसत नाही, कारण परीक्षण करणाऱ्याकडे परवानगी असतेच.

कॅशमधील प्रत चुकीच्या व्यक्तीच्या हाती पडण्याचा मोठा प्रसंग २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या संगणक-खेळांच्या विक्री संकेतस्थळावर घडला. संकेतस्थळावरील हल्ल्याचा ताण कमी करण्यासाठी कॅशच्या मांडणीत घाईने बदल केला गेला, आणि काही काळ एका ग्राहकास दुसऱ्याच ग्राहकाच्या खात्याची पाने दिसू लागली. कंपनीच्या निवेदनानुसार सुमारे ३४,००० ग्राहकांची पाने अशी उघडी पडली असण्याची शक्यता होती. तेथे कोणीही कुलूप तोडले नव्हते. गोदामपालाने पावती न पाहता माल दिला होता.

परवानगी आधी, प्रत नंतर

योग्य रचनेत दोन निर्णय वेगळे ठेवले जातात. वस्तूची प्रत एकच असते व ती सर्वांसाठी सामाईक असते. परवानगी मात्र प्रत्येक मागणीसाठी स्वतंत्रपणे तपासली जाते. एनजिनएक्समध्ये यासाठी ‘ऑथ-रिक्वेस्ट’ हा भाग आहे. मागणी येताच प्रॉक्सी केंद्राच्या ओळख-प्रणालीकडे एक लहानशी उपमागणी पाठवते : अमुक वापरकर्ता, अमुक वस्तू, द्यावी की नाही? होकार आला तरच काम पुढे सरकते. ही तपासणी कॅश उघडण्यापूर्वीच्या टप्प्यावर होते, त्यामुळे प्रत डिस्कवर तयार असली तरी नकार मिळालेल्यास ती मिळत नाही. ओळख-प्रणालीवरचा भार कमी करण्यासाठी तिचे उत्तर मिनिटभर लक्षात ठेवण्यास हरकत नाही. मात्र ते व्यक्ती आणि वस्तू या दोहोंच्या जोडीशी बांधलेले असावे. केवळ वस्तूशी बांधले तर वर सांगितलेलीच चूक मागच्या दाराने परत येते.

यातून पुढचा नियम आपोआप निघतो. वापरकर्त्यांना मूळ साठ्याची सही किंवा किल्ली देऊच नये. त्यांनी केंद्राच्या स्वतःच्या नावाने व पासवर्डने प्रॉक्सीकडे यावे, आणि क्लाउडकडे जाणाऱ्या मागणीवर प्रॉक्सीने स्वतः सही करावी. एनजिनएक्सच्या निर्मात्यांनी एस-थ्रीसाठी अशी सही करणारा तयार, मुक्तस्रोत आराखडा उपलब्ध करून दिलेला आहे. तो वापरावा, सहीचे गणित नव्याने लिहीत बसू नये.

सर्व किल्ल्या एका ठिकाणी आल्या की ते ठिकाण अधिक मोलाचे होते, आणि येथेच दुसरा मोठा धडा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेच्या क्लाउड साठ्यातून अमेरिकेतील सुमारे १० कोटी व कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. बँकेच्या क्लाउडपुढे बसवलेल्या सुरक्षा भिंतीची मांडणी चुकली होती. बाहेरील व्यक्तीने त्या यंत्राकडूनच आतली मागणी करवून घेतली, त्याला दिलेली तात्पुरती किल्ली मिळवली, आणि त्या किल्लीस गरजेपेक्षा कितीतरी जास्त कोठारे उघडण्याचा अधिकार असल्याने सर्व काही हाती लागले. मध्यस्थ यंत्र फसू शकते हे गृहीत धरूनच त्याच्या हाती किल्ली द्यावी लागते. कृषी केंद्राच्या प्रॉक्सीस केवळ वाचण्याचा अधिकार पुरे, तोही ठरावीक बकेटच्या ठरावीक भागापुरता. लिहिणे, पुसणे, संपूर्ण यादी मागणे यांपैकी काहीही तिला करता येऊ नये. वापरकर्त्यांकडूनही केवळ वाचनाच्या मागण्या स्वीकाराव्यात. छायाचित्रे चढवण्याचा मार्ग पूर्णपणे वेगळा ठेवावा.

जोडणीच्या दोन्ही बाजूंस टीएलएस कूटबद्धता असावी, हे आता बहुतेकांस माहीत असते. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की एनजिनएक्स मूळ साठ्याशी कूटबद्ध जोडणी करते तेव्हाही समोरच्याचे प्रमाणपत्र खरे आहे की नाही हे आपणहून तपासत नाही. ती तपासणी मांडणीत मुद्दाम चालू करावी लागते. तसेच कॅशमधील वस्तू डिस्कवर साध्या, वाचता येण्याजोग्या रूपात असतात. केंद्राच्या खोलीतून यंत्रच चोरीस गेले तर पासवर्ड निरुपयोगी ठरतात, म्हणून कॅशची डिस्क कूटबद्ध असणे आवश्यक आहे. ज्या वस्तू अतिशय संवेदनशील आहेत, उदाहरणार्थ नाव व मोबाइल क्रमांकांच्या याद्या, त्या कॅशमध्ये ठेवूच नयेत. त्या आकाराने लहान असतात, दर वेळी मूळ साठ्यातून आणल्याने काही बिघडत नाही.

शिळे चित्र

चुकीच्या व्यक्तीस गेलेली प्रत हा एक धोका. योग्य व्यक्तीस गेलेली जुनी प्रत हा दुसरा, आणि शेतीत तो कदाचित अधिक वेळा घडतो. डिसेंबर २०२० पासून एस-थ्री स्वतः नवी वस्तू लिहिली जाताच पुढच्या मागणीस नवीच देण्याची हमी देते. मध्ये कॅश आली की ती हमी संपते. केंद्राने ‘आजचा-निर्देशांक’ अशा एकाच नावाने दर पाच दिवसांनी नवा नकाशा चढवला, तर कॅश आपली मुदत संपेपर्यंत मागचा नकाशा देत राहील. पाणी दिल्यानंतरही शेत तहानलेले दिसेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे तहानलेले शेत हिरवे दिसेल.

सेंटिनेल-२ च्या बाबतीत यास आणखी एक पदर आहे. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अवकाश संस्थेने प्रक्रियेची ०४.०० ही आवृत्ती लागू केली आणि साठवलेल्या प्रत्येक मूल्यात १,००० ची भर घातली जाऊ लागली. वापरण्यापूर्वी ती वजा करावयाची असते. पुढे जुनी चित्रेही नव्या पद्धतीने पुन्हा तयार करण्यात आली. समजा, निरोगी उसाच्या एका बिंदूचे मूळ मूल्य लाल पट्ट्यात ४०० आणि निकट-अवरक्त पट्ट्यात ३,००० आहे. निर्देशांक येतो ०.७६. भर घातलेली मूल्ये १,४०० व ४,००० होतात, आणि वजाबाकी न करता गणित केल्यास उत्तर येते ०.४८. तोच ऊस, तोच दिवस, पण सल्ला देणाऱ्यास पीक खंगलेले वाटेल. एका चौकोनाचा लाल पट्टा जुन्या प्रक्रियेचा आणि दुसरा नव्या प्रक्रियेचा असे मिश्रण कॅशमधून वर आले, तर आकडा कोणत्याच अर्थाचा राहत नाही.

उपाय नावातच आहे. मूळ उत्पादनाच्या नावात दिनांक व प्रक्रिया क्रमांक दोन्ही असतात. केंद्राने आपले नकाशे तयार करताना ते गाळू नयेत. एकदा दिलेले नाव पुन्हा वापरायचे नाही, नवा नकाशा म्हणजे नवे नाव, हा नियम पाळल्यास कॅशमधील प्रत शिळी होऊच शकत नाही आणि ती महिनाभर निर्धास्तपणे ठेवता येते. ‘सर्वांत ताजा नकाशा कोणता’ हे सांगणारी एक लहानशी फाइल तेवढी कॅशबाहेर ठेवावी. याच कारणाने ‘वस्तू सापडली नाही’ हे उत्तर कॅशने लक्षात ठेवू नये, ठेवलेच तर काही सेकंदांपुरते. सकाळी सात वाजता चित्र आलेले नव्हते म्हणून ते दिवसभर नाहीच असे सांगत राहणारी प्रॉक्सी अनेक ठिकाणी आढळते.

मांडणीतील काही खाचाखोचा

आधुनिक उपग्रह फाइलींची रचना अशी असते की संपूर्ण चित्र न उतरवता हवा तो तुकडा मागता येतो. ५१२ चित्रबिंदूंच्या बाजूचा एक तुकडा म्हणजे जमिनीवरील पाच किलोमीटरचा चौकोन. एका गावाच्या शिवारास बहुधा एक-दोन तुकडे पुरतात. परंतु साधी कॅश चालू केली की एनजिनएक्स ही तुकड्याची विनंती बाजूस ठेवून संपूर्ण फाइल आणू लागते. गावापुरते चित्र मागणाऱ्यास जिल्ह्याएवढ्या चित्राची वाट पाहावी लागते आणि प्रॉक्सीमुळे काम उलट मंदावते. यासाठी ‘स्लाइस’ हा भाग वापरावा. तो वस्तूचे समान आकाराचे काप करून फक्त लागणारे काप आणतो व साठवतो. खूणगाठीत कापाचा क्रमांक धरणे विसरू नये.

ढग हटल्याच्या सकाळी वीस मागण्या एकाच क्षणी आल्या तर वीसही कॅशमध्ये काही नाही असे पाहून क्लाउडकडे धावतील. ‘कॅश-लॉक’ चालू केल्यास पहिली मागणी बाहेर जाते, उरलेल्या थांबतात आणि तीच प्रत सर्वांना मिळते. दुसरी एक मूलभूत मुदत अनेकांना चकवते. दहा मिनिटे कोणी न मागितलेली वस्तू एनजिनएक्स, वेगळे काही सांगितले नसेल तर, कॅशमधून काढून टाकते. बातम्यांच्या संकेतस्थळास ते ठीक, पाच दिवसांच्या फेऱ्यावर चालणाऱ्या उपग्रह चित्रांस नाही. ही मुदत तीस दिवस करावी आणि डिस्कवर एकूण किती जागा वापरायची याची मर्यादा घालून द्यावी. जागा संपत आली की सर्वांत जास्त काळ न वापरलेली प्रत आपोआप जाते.

ग्रामीण केंद्रांत वीज आणि जोडणी दोन्ही जातात. मूळ साठ्याशी संपर्क तुटल्यास मुदत संपलेली प्रत देण्याची मुभा प्रॉक्सीस देता येते. ती द्यावी, कारण चार दिवसांपूर्वीचे चित्र कोऱ्या पडद्यापेक्षा उपयोगी असते. अट एवढीच की नकाशावर चित्रीकरणाचा दिनांक ठळकपणे छापलेला असावा. संपर्क तुटला म्हणून परवानगीची तपासणी मात्र सैल होता कामा नये. ओळख-प्रणाली केंद्राच्या आवारातच असेल तर हा पेच उद्भवत नाही.

विजेच्या लपंडावाचा आणखी एक परिणाम घड्याळावर होतो. एस-थ्रीकडे जाणाऱ्या सहीत वेळ नोंदलेली असते आणि ती पंधरा मिनिटांहून अधिक मागे-पुढे असल्यास मागणी नाकारली जाते. यंत्रातील बटन-बॅटरी संपलेली असली की वीज परत आल्यावर घड्याळ काही वर्षे मागे जाते, आणि किल्ली, जोडणी, मांडणी सारे ठीक असतानाही काहीच चालत नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळ-सेवेशी जुळवणे अपेक्षितच आहे. त्याच निर्देशांप्रमाणे नोंदवह्या १८० दिवस जपायच्या असतात आणि सुरक्षाभंग लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचा असतो. प्रॉक्सीच्या नोंदवहीत कोणी, कोणती वस्तू, केव्हा मागितली आणि ती कॅशमधून गेली की मूळ साठ्यातून, हे चारही तपशील असावेत. सहीची शेपटी मात्र नोंदवहीत उतरू देऊ नये.

उभारणी पूर्ण झाल्यावर वेग मोजण्याआधी एक साधी चाचणी घ्यावी. दोन खाती उघडावीत, एकास खाजगी चाचणी-वस्तूची परवानगी द्यावी, दुसऱ्यास देऊ नये. पहिल्या खात्याने ती वस्तू दोनदा मागवावी आणि दुसऱ्या वेळी ती कॅशमधून आली हे नोंदवहीत पाहावे. लगेच दुसऱ्या खात्याने तीच मागावी, मग कोणत्याही खात्याविना मागावी. दोन्ही वेळी नकार यायला हवा. त्यानंतर पहिल्या खात्याची परवानगी काढून घ्यावी आणि दोन मिनिटांनी त्याच्याकडूनही मागवून पाहावी. ही चाचणी प्रॉक्सीच्या मांडणीत किंवा आवृत्तीत बदल झाल्यावर दर वेळी पुन्हा घ्यावी लागते; बहुतेक केंद्रांत ती दहा मिनिटांत होते.